अंगणाचा हिरवा आडोसा

शहरे वाढली, बंगल्यांच्या शेजारी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आणि ओसरीवर सामायिकास बसणाऱ्यांनाही परक्या गच्चीची नजर जाणवू लागली. मग रोपवाटिकेत जाऊन आपण पहिली मागणी करतो ती ‘लवकर वाढणाऱ्या’ झाडाची. ही मागणी श्रावकाने जरा थांबून तपासावी, असे आम्हांस वाटते.

जे कुंपण झपाट्याने वाढते, त्याला कात्रीही तितकीच वारंवार लागते. दुरंता किंवा कोयनेल लावली की दोन वर्षांत भिंत उभी राहते खरी. परंतु पुढे पावसाळाभर दर काही आठवड्यांनी छाटणी आलीच. खरेदी स्वस्त आणि सांभाळ महाग, असा हा सौदा आहे. आणि ती कात्री नेमकी कोवळ्या पालवीवर चालते, जिला शास्त्रकारांनी अनंतकाय म्हटले आहे. शिवाय वाढीचा हा जोर आषाढ ते आश्विन, म्हणजे ऐन चातुर्मासात असतो. शिंपी पक्षी याच दिवसांत पाने शिवून झुडपांत घरटे करतो. मुनियाही दाट फांद्यांचा आश्रय घेते. वनस्पती स्थावर जीव खरी, पण तिच्या आश्रयाला आलेले कीटक व पिले त्रस जीव आहेत. गृहस्थाला स्थावरहिंसा सर्वस्वी टळत नाही. मात्र निष्कारण तोडण्या-खणण्याला आपल्याकडे प्रमादचर्या म्हणून अनर्थदंडात गणले आहे.

म्हणून झाडाचा वेग पाहण्याआधी त्याची स्वाभाविक उंची पाहावी. सहा-सात फुटांचा आडोसा पुरेसा असेल तर अडुळसा उत्तम. छाटापासून येतो, बारमाही हिरवा राहतो, पाला कडू असल्याने शेळ्या तोंड लावत नाहीत आणि किडीचा उपद्रवही थोडा. दीड-दोन फुटांवर, दोन ओळींत नागमोडी लावला की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पलीकडचे दिसेनासे होते. कुंती, जिला पुष्कळजण कामिनी म्हणतात, सावकाश वाढते. पण तिची दाटी आणि सुगंध यांसाठी वाट पाहण्यासारखी आहे.

अधिक उंची हवी असेल तर बांबूचा विचार करावा. बांबूची काठी एकाच हंगामात आपली पूर्ण उंची गाठते, पुढे ती वाढत नाही. त्यामुळे योग्य जात निवडली तर शेंडे छाटण्याचे कारणच उरत नाही, केवळ जुन्या व वाळलेल्या काठ्या काढाव्या लागतात. बेट करून राहणारी बारीक जात मागावी. तिला तीन-चार फूट रुंदीची जागा ठेवावी. पिवळा बांबू दिसतो देखणा, पण तीस फुटांवर जातो. बंगल्याच्या चिंचोळ्या पट्टीत तो बसत नाही.

काही झाडे मात्र टाळावीत. जास्वंद आपली आवडती. परंतु तिच्यावर पिठ्या ढेकूण फार येतो, मग माळी फवारणीचा पंप काढतो. कडुनिंबाचा अर्क वापरला तरी हेतू जीव मारण्याचाच असतो. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले किंवा गाय असलेल्या घरी ती नको. कोनोकार्पस हे झाड अलीकडे सर्वत्र विकले जाते. त्याचे परागकण आणि जलवाहिन्यांत शिरणारी मुळे यांबद्दलच्या तक्रारींमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली. स्वस्त मिळते म्हणून ते घेऊ नये.

खड्डे वैशाखातच खणून उन्हात तापू द्यावेत. पाऊस पडल्यावर ओल्या मातीत गांडुळे व किडे वर येतात, तेव्हा कुदळ मारण्याची वेळ येऊ नये. रोपे मात्र मृगाच्या सरींनंतर लावावीत. तोवरचा आडोसा म्हणून बांबूची तट्टी उभी केली तरी भागते; घाईचे निम्मे कारण तिथेच संपते.

छाटणी कार्तिक पौर्णिमेनंतर, मार्गशीर्ष-पौषात करावी. तेव्हा वाढ मंदावते आणि बहुतेक घरटी रिकामी असतात. तरीही कात्री लावण्यापूर्वी फांद्या हाताने बाजूला सारून आत पाहावे. सोसायटीच्या बागेचे काम महिनेवारी कंत्राटावर असेल, तर चातुर्मासात रस्त्यावर आलेल्या फांद्यांपलीकडे काही कापू नये, ही अट करार करतानाच लिहून घ्यावी. माळ्याची मजुरी त्यासाठी कापू नये; आळी करणे, पालापाचोळा गोळा करणे अशी कामे त्या महिन्यांत पुष्कळ असतात.