किताबाचा हक्क : गुणांचा की गर्दीचा?

व्यावसायिक मुष्टियुद्धात जागतिक विजेतेपद देणाऱ्या चार प्रमुख संघटना आहेत. प्रत्येक संघटना क्रमवारी प्रसिद्ध करते आणि विजेत्याने ठराविक मुदतीत अग्रणी आव्हानवीराशी लढले पाहिजे, असा दंडकही घालते. तरीही ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्याला संधी लवकर लाभते. आणि ज्याच्याशी लढण्यात धोका मोठा पण मिळकत थोडी, तो गुणी खेळाडू वर्षानुवर्षे दाराशी ताटकळतो. हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. कुस्तीप्रेमी महाराष्ट्रालाही तो अपरिचित नाही.

लोकप्रियतेची बाजू अगदीच लंगडी आहे असे नव्हे. खेळ अखेर प्रेक्षकांच्या पैशावर चालतो. जत्रेच्या फडात गाव वर्गणी काढते, जाणती मंडळी जोड ठरवतात, नामांकित मल्लांची कुस्ती शेवटी लावतात आणि तिला इनामही मोठे ठेवतात. त्यात कोणी अन्याय मानत नाही. तेथे पैसा मोजला जातो तो रंजनासाठी, आणि रंजनाचा भाव मागणीनेच ठरावयाचा.

किताब ही वस्तू मात्र निराळी आहे. ते श्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र आहे, आणि चलनी नोटेप्रमाणे त्याचे मोलही केवळ विश्वासावर उभे असते. हिणकस नाणे चोख नाण्याला चलनातून हुसकावते, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धान्त येथेही लागू पडतो. गर्दीच्या बळावर दिलेल्या संधी वाढल्या की कष्टाने मिळवलेला किताबही संशयाने पाहिला जातो.

परंतु गुणवत्ता मोजावयाची कशी, हाच खरा पेच आहे. २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून नरसिंग यादव यांनी ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. मुंबईत घडलेले हे मल्ल तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले होते. दुसऱ्या बाजूस होते २००८ व २०१२ च्या ऑलिंपिकमधील पदकविजेते सुशील कुमार. देशभर कीर्ती होती ती त्यांचीच. त्यांनी निवड चाचणीची मागणी केली. जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात नरसिंग यांच्यावर बंदी आली व ते रिओत खेळू शकले नाहीत, हा भाग वेगळा. चाचणी मागणे काही गैर नव्हते. पण जागा मिळवून झाल्यानंतर ती कोणाची, हा वाद उत्पन्न व्हावा, यात नियमांची संदिग्धता दिसते.

२०१९ मध्ये मुष्टियुद्धात याच्या उलट घडले. मेरी कोम यांच्या थोर कामगिरीकडे पाहून त्यांना चाचणीविना पाठवण्याचा विचार चालू असता तरुण निखत झरीन यांनी चाचणीचा आग्रह धरला. डिसेंबरात लढत झाली आणि मेरी कोम यांनी ती ९-१ अशी जिंकली. कीर्तिवंताचे काही बिघडले नाही, आणि नवोदित खेळाडूला आपला हक्क मिळाला. हेलसिंकीपूर्वी डावलले गेलेले खाशाबा जाधव यांनाही दाद मागून पुन्हा कुस्ती खेळावी लागली होती. ती त्यांनी जिंकली, आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. ती कुस्ती झालीच नसती तर देश कशाला मुकला असता, हे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा मार्ग मधलाच, पण स्पष्ट असला पाहिजे. लोकप्रियतेने मानधन ठरावे, लढतीचे स्थळ ठरावे, इनामाची रक्कम ठरावी. आव्हानाचा हक्क मात्र ठरू नये. तो हक्क मैदानातील निकालाने आणि आधी जाहीर झालेल्या नियमानेच ठरावा. ज्येष्ठता यादी कोणासाठी बदलली की कचेरीतल्या कारकुनाला काय वाटते, किंवा गुणपत्रिकेपेक्षा ओळख वरचढ ठरली की विद्यार्थ्याच्या मनाचे काय होते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

मंडणगडसारख्या आडवळणाच्या तालुक्यातून एखादा मुलगा खेळात नाव काढण्यासाठी मुंबईची वाट धरतो, तेव्हा त्याच्यामागे ना प्रेक्षक असतात, ना पुरस्कर्ते. मैदानात मिळवलेला निकाल एवढेच त्याचे भांडवल असते. ते भांडवलही गर्दीपुढे कवडीमोल ठरणार असेल, तर त्याने घाम कोणत्या भरवशावर गाळावा?