धाकट्या कंपनीनं थोरलीची नक्कल करू नये

घाटनांदूर परिसरात चार जण बसले की शेतकरी उत्पादक कंपनीचा विषय निघतोच. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १० शेतकऱ्यांनाही अशी कंपनी नोंदवण्याची सोय झाली. कंपनी निघते, पाटी लागते. पुढं काय? पुष्कळ ठिकाणी मोठ्या कंपन्यांच्याच पिशव्या आणून विकल्या जातात. म्हणजे कंपनी आपली, पण आपण झालो दुसऱ्याचे दुकानदार!

माझं मत असं, की लहान कंपनीनं मोठीशी भावात किंवा जाहिरातीत झुंजू नये. मोठीला जे काम परवडत नाही, तेच हाती घ्यावं.

सोयाबीनचंच बघा. संकरित कपाशीचं बी दरसाल विकत घ्यावं लागतं, म्हणून नफा तिकडं. सोयाबीनचं तसं नाही. चांगलं बी एकदा आणलं की पुढं दोन-तीन वर्षं घरचं चालतं. त्यात एकरी ३० किलोच्या आसपास बी लागतं आणि दाण्याचं टरफल पातळ. ट्रकात, गोदामात, दुकानात जेवढी आदळआपट, तेवढी उगवण कमी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या कंबरेवर बसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

हीच जागा गावच्या कंपनीची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणाचं पायाभूत बियाणं आणा. सभासदांच्या रानात बीजोत्पादनाचे प्लॉट घ्या, प्रमाणीकरण यंत्रणेकडं नोंदवा, विक्रीचा परवाना काढा. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवा, साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको, थप्पी उंच नको. आणि मोठ्या कंपनीला जमणार नाही ती गोष्ट करा. विक्रीच्या आठवडाभर आधी प्रत्येक लॉटचे १०० दाणे ओल्या गोणपाटात सगळ्या गावासमोर ठेवा. ७० पेक्षा कमी उगवले, तर तो लॉट विकायचा नाही. अशी खात्री कोणत्या जाहिरातीत मिळते?

हे स्वप्नरंजन नाही. १९६३ साली केंद्र सरकारचं राष्ट्रीय बीज निगम उभं राहिलं. पुढच्याच वर्षी जालन्यात बद्रिनारायण बारवाले यांनी महिको काढली, तेव्हा ती लहानच होती. त्यांनी भेंडीचं सुधारित बी वाढवलं, शेतकऱ्यांच्याच रानात बियाणं पिकवून घेतलं, पुढं स्वतःचं संशोधन उभारलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आजची थोरली कंपनी कालची धाकटीच होती.

मात्र एक सांगून ठेवतो. मोंढ्यातलं सोयाबीन चाळून 'बियाणं' म्हणून विकाल, तर एकाच हंगामात नाव बुडेल. मोठी कंपनी एक खराब लॉट पचवते. तुमचं गिऱ्हाईक तुमच्याच पारावर बसतं, दुसऱ्या दिवशी त्याला तोंड दाखवावं लागतं. हा धाक हेच तुमचं भांडवल समजा.

तेव्हा कंपनीच्या येत्या सभेत हिशेब वाचून झाला की एवढंच विचारा: आपण विकतो त्या पिशवीवर नाव कुणाचं?