आधी फटी, मग बॉयलर

इंग्लंडमधलं साधारण दर पाचवं घर १९१९ पूर्वीचं आहे. लाल विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली ही घरं. इथे आलेली मराठी कुटुंबं पुष्कळदा अशाच घरासाठी पहिलं कर्ज काढतात आणि पहिल्या थंडीत गॅसचं बिल पाहून नव्या बॉयलरची चौकशी सुरू करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तो खर्च सगळ्यात शेवटी करा.

ही घरं बांधली तेव्हा खोल्याखोल्यांत कोळसा जळत असे. आगीला लागणारी हवा दाराखिडक्यांच्या फटींतून यायची आणि धुराड्यातून वर जायची. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुरकं साचून हजारो माणसं दगावली, १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, कोळसा हळूहळू गेला. धुराडी मात्र अनेक घरांत उघडीच राहिली, आणि आपण पैसे मोजून तापवलेली हवा तिथून रात्रंदिवस निघून जाते. वापरात नसलेल्या धुराड्यात बसवायची लोकरीची जाड चकती मिळते. ती, दारांना रबरी पट्ट्या आणि माळ्यावर २७० मिलिमीटरचा उष्णतारोधक थर, एवढ्यानेही घर बदलतं. माळ्याच्या झडपेलाही थर हवा. ती हमखास विसरली जाते.

असलेल्या बॉयलरकडेही एकदा बघा. कंडेन्सिंग बॉयलर परतीचं पाणी साधारण ५५ अंशांखाली आलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता नीट परत मिळवतो. कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय गरम पाणी देणारा बॉयलर, असेल तर रेडिएटरला जाणारं पाणी ७५-८० ऐवजी ६० अंशांवर आणा. घर तापायला वेळ लागेल, पण गॅस वाचेल. गरम पाण्याची टाकी असेल तर तंत्रज्ञाला विचारूनच हे करा, कारण टाकीतलं पाणी कोमट राहिलं तर त्यात लीजनेला जिवाणू वाढतात.

खरी काळजी भिंतींची. जुनी भिंत नऊ इंची, भरीव, मधे पोकळी नसलेली. ती पावसाचं पाणी थोडं पिते आणि चुन्याच्या सांध्यांतून वाळते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा रंग चढवला की ओल आत कोंडते. त्यात आपली स्वयंपाकघरं. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. ही सगळी वाफ गार कोपऱ्यात जाऊन बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. रोचडेलमधल्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा २०२०मध्ये घरातल्या बुरशीमुळे मृत्यू झाला. पुढे त्याच्या नावाने कायदा झाला. म्हणून फटी बुजवताना स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच, आणि लाकडी जमिनीखाली वारा नेणाऱ्या जाळीदार विटा कधीही बंद करू नयेत. तिथला वारा थांबला की तुळया कुजतात.

भिंतीला थर लावून देतो म्हणत कोणी दारात आलं, तर आधी विचारा: ओल मोजली का, गळकी पन्हळ कोण दुरुस्त करणार, गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, पंखे कुठे बसवणार? उत्तरं न देता तो कागद पुढे सरकवू लागला, तर सही करू नका, मग काम सरकारी अनुदानातून फुकट होणार असलं तरी.