प्रदक्षिणा किती आणि कोणत्या वेगाने?

‘रोज देवळात जातो, प्रदक्षिणा घालतो, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ असे घरातली वडीलधारी मंडळी नेहमी म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तंजावूरचे बृहदीश्वराचे मोठे देऊळच घ्या. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो याच देवळात. त्याचे आवार सुमारे २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद आहे. कडेकडेने एक प्रदक्षिणा घातली, की जवळजवळ ७०० मीटर चालणे होते. प्रश्न उरतो तो फेऱ्यांचा आणि वेगाचा.

कोलेस्टेरॉलला हवे अंतर

तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील प्रौढांच्या रक्ताची तपासणी करणारी एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत ७२ टक्के लोकांचे एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, कमी आढळले. तेव्हा तंजावूर असो वा सातारा, हे दुखणे आपल्या सर्वांचेच आहे.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या, बैठे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना सुमारे आठ महिने व्यायाम दिला. काहींना आठवड्याला १९ किलोमीटर चालण्याइतका, काहींना तितकेच अंतर धावण्याइतका, तर काहींना ३२ किलोमीटर धावण्याइतका. सर्वांत जास्त फायदा अर्थातच जास्त अंतरवाल्यांना झाला. मात्र १९ किलोमीटर चालणारे आणि तेवढेच धावणारे यांच्यात फारसा फरक पडला नाही, आणि व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा दोघेही बरे ठरले. म्हणजे गुडघे कुरकुरत असतील तर धावण्याचा हट्ट नको. १९ किलोमीटर म्हणजे मोठ्या देवळाच्या आठवड्याला २७ प्रदक्षिणा, रोजच्या जेमतेम चार!

मेंदूला हवा थोडा दम

आठवणी साठवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. उतारवयात तो हळूहळू आक्रसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे, नाडी वाढेल अशा वेगाने चालवले. त्यांचा हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र घटला. याचा अर्थ विस्मरण कायमचे टळेल असा नव्हे. पण रमतगमत चालण्यापेक्षा दम लागेल असे चालणे मेंदूच्या अधिक उपयोगी पडते, हे ध्यानात घ्यावे.

वेग ओळखायला घड्याळ नको. चालताना स्तोत्र सुरात म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. बोलता येते, पण गाता येत नाही, हा योग्य वेग. बोलणेही जमेना झाले तर थांबा. चार प्रदक्षिणा अर्ध्या तासात झाल्या, की चाल बरोबर जमली असे समजा. आठवड्यातले पाच दिवस असे चाललात तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटेही पुरी होतात.

एवढे सांभाळा

पहिली प्रदक्षिणा देवाची. ती सावकाश, मनोभावे घाला. पुढच्या गर्दी नसताना, भराभर. सुरुवात दहा मिनिटांनी करून वेळ हळूहळू वाढवा. उन्हाने तापलेल्या दगडावर अनवाणी चालू नका. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर बाहेर, बूट घालूनच चाला. छातीत दुखते, चक्कर येते किंवा हृदयविकार आहे, अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एक महत्त्वाचे. चालण्याने ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, फारसे उतरतेच असे नाही. म्हणून फेऱ्या वाढल्या तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. आजोबांना हे समजावून सांगा, आणि जमल्यास त्यांच्याबरोबर चार फेऱ्या तुम्हीही घाला.