फुकट आहे ना, मग टाक आत!

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक गंमत झाली. म्हणजे आज शनिवारी चहा पीत लिहिताना गंमत वाटतेय, मंगळवारी चांगलाच घाम फुटला होता.

आमचं प्रॉडक्ट तसं साधं आहे. मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड वापरणाऱ्या कंपन्यांसाठी विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक कोड लिहितो, एक हिरवं बटण दाबतो, प्रोग्रॅम बोर्डावर जाऊन बसतो. बटणावर आमचा लोगो आहे, पण बटणामागे राबणारी मंडळी वेगळीच: जीसीसी कंपायलर, मेक आणि बोर्डाशी बोलणारं ओपनओसीडी. तिघंही जीपीएलवाले. इन्स्टॉलरमध्ये 'टूल्स' नावाच्या फोल्डरात गुपचूप बसलेले असतात. तर मंगळवारी जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाची मेल आली. चार ओळींची, अतिशय सभ्य. तुम्ही जे ओपनओसीडी देता, नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, तुम्ही केलेल्या बदलांसकट, कृपया पाठवा.

मॅनेजरचं पहिलं वाक्य: "अरे, ते ओपन सोर्सच आहे ना? नेटवर पडलंय की. लिंक पाठव त्यांना."

इथेच घोडं पेंड खातं. नेटवरचं ओपनओसीडी आणि आमचं ओपनओसीडी एक नाही. आमच्या प्रोबसाठी एका सीनियरने त्यात ड्रायव्हर घातला होता. तो आता बंगलोरला, त्याचा लॅपटॉप केव्हाच फॉरमॅट झालेला, आणि रिपॉझिटरीत काय? नुसती बायनरी! त्याहून वाईट म्हणजे त्या फोल्डरात लायसन्सची 'कॉपीइंग' ही फाइल असायला हवी, ती नाही. ती मीच उडवली होती. जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात 'इन्स्टॉलर हलका कर' असं सांगितलं गेलं, मी डॉक्युमेंटेशनबरोबर तीही साफ केली. उघडून बघितलीसुद्धा नव्हती. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण लायसन्स हा शब्द तोवर फक्त आरटीओच्या संदर्भात ऐकलेला.

असो. तर पोटतिडकीने लिहितोय ते यासाठी, की आपल्या इंडस्ट्रीत या बाबतीत दोनच पंथ दिसतात. पहिला पंथ 'फुकट ते पौष्टिक'वाला. नेटवर मिळालं, म्हणजे कोणाचंच नाही, टाक आत. दुसरा सोवळ्यातला. जीपीएलला नुसतं शिवलं तरी आपला सगळा कोड बाटला, जगाला फुकट वाटावा लागणार! गंमत अशी की दोघांनीही लायसन्स वाचलेलं नसतं.

आधी सोवळ्यातल्यांचं बघू. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहिली म्हणून त्यांचं रेशनकार्ड एक होत नाही. तुमचा प्रोग्रॅम जीसीसीला कमांड लाइनवरून हाक मारतो, तो काम करून फाइल देतो, विषय संपला. दोन वेगळे प्रोग्रॅम, दोन वेगळ्या चुली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्वतःच सांगतं की पाइप, सॉकेट, कमांड लाइन अशा मार्गाने बोलणारे प्रोग्रॅम सहसा वेगळेच धरले जातात. 'सहसा' म्हटलंय, कारण पाइपमधून एकमेकांच्या पोटातली गुंतागुंतीची रचना देत-घेत बसलात तर तो बचाव लंगडा पडतो. आणि त्यांचा कोड तुमच्यात लिंक केलात किंवा तुमचा त्यांच्यात कंपाइल केलात, तर मग चूल एकच. राहता राहिला गिऱ्हाइकाने जीसीसीतून काढलेला प्रोग्रॅम. तो गिऱ्हाइकाचाच. कंपायलर आपली थोडी रनटाइम लायब्ररी त्यात मिसळतो हे खरं, पण नेमकी त्याच्यासाठीच जीपीएलमध्ये सूट ठेवलेली आहे.

म्हणजे टूल्स सोबत द्यायला कोणीही मनाई केलेली नाही. विकायलाही नाही. मग मागणं काय आहे? जे वाटताय त्याचा सोर्स द्या आणि लायसन्स सोबत ठेवा. बस्स. ओपनओसीडीचं लायसन्स जीपीएल २ किंवा त्यापुढचं. २ नुसार, धंद्यासाठी बायनरी देत असाल तर सोर्स सोबत द्या, नाहीतर 'किमान तीन वर्षं कोणीही मागितला तरी देऊ' असं लेखी द्या. डाउनलोडवरून देत असाल तर तिथेच सोर्सही ठेवलात तरी चालतं. एका अक्षराचा बदल केला नसला, तरी हे लागू. दुसऱ्याच्या सर्व्हरकडे बोट दाखवायची सोय ३ मध्ये, म्हणजे २००७ पासून आहे, पण तिथेही सोर्स नेमका तोच हवा आणि तो तिथून गायब झाला तर जबाबदारी तुमचीच. २ मध्ये अट मोडली की वाटण्याचा हक्क आपोआप संपतो. ३ त्यातल्या त्यात दयाळू: पहिलीच चूक असेल आणि नोटिशीनंतर ३० दिवसांत सुधारलीत, तर हक्क परत मिळतो.

"कोण जातंय कोर्टात?" हा पुढचा प्रश्न. हराल्ड वेल्टे गेला होता. २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने राउटर विकणाऱ्या सिटेकॉमविरुद्ध त्याच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये फ्रँकफर्टला डी-लिंक हरली. आणि आमची मेल आली होती कुठून? जर्मनीतून. आता बोला!

"पण ते व्हेंडरने केलं होतं" हेही ऐकलंय. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ७ डाउनलोड टूलमध्ये जीपीएलचा कोड सापडला. टूल बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं होतं. तरी मायक्रोसॉफ्टने आमच्या तपासणीतून निसटलं असं कबूल केलं, टूल मागे घेतलं आणि डिसेंबरमध्ये सोर्ससकट जीपीएलखाली पुन्हा दिलं. ती बाहेरची कंपनी म्हणजे कोण, तर आपण! सर्व्हिस देणाऱ्या या शहरातल्या निम्म्या क्युबिकलांत तेच काम चालतं.

खरं सांगू? कोर्टाची भीती मला दुय्यम वाटते. त्या जर्मन माणसाला मी दुसऱ्या मेलमध्ये विचारलं, सोर्स कशाला हवाय. तो म्हणाला, आमचं मशीन कारखान्यात पंधरा वर्षं चालतं, तेवढी वर्षं तुमची कंपनी चालेल का? आमचा इन्स्टॉलर उद्याच्या विंडोजवर चालला नाही, तर त्याच्या बोर्डाशी बोलणारं एकमेव साधन म्हणजे तो ड्रायव्हर. तो त्याला मिळावा म्हणूनच ज्यांनी ओपनओसीडी लिहिलं त्यांनी ती अट घातली. आम्ही त्यांची सगळी मेहनत घेतली आणि तेवढी अटच गाळली.

पॅच शेवटी सापडला. टेस्टिंगच्या एका जुन्या पीसीवर, 'न्यू फोल्डर ३' मध्ये. गुरुवारी रात्री बिल्ड केला, प्रोब ओळखला गेला. सोर्स, पॅच आणि बिल्डच्या स्क्रिप्ट (हो, त्याही द्याव्या लागतात) अशी झिप तयार आहे. मॅनेजरचं म्हणणं, ड्रायव्हर आपली प्रॉपर्टी आहे, तेवढा वगळून पाठवू. ड्रायव्हर ओपनओसीडीच्या आतच कंपाइल झालाय, चूल एक झालीय, हे त्याला दोनदा सांगून झालं. सोमवारी अकराला लीगलबरोबर मीटिंग आहे. 'कॉपीइंग' फाइल मात्र मी कोणाला न विचारता कालच परत टाकली. जेमतेम १८ केबीची आहे.