राग कोणाचा?

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा कचेरींतून आला, तो न जेवतांच खोलींत गेला. वरिष्ठांनीं चारचौघांत त्याची चूक काढली होती, आणि चूक त्याची नव्हती. रात्रीं त्यानें लॅपटॉपवर राजीनामा लिहून व्याकरण तपासण्यास मजपुढें ठेवला. (घरांत आतां एवढ्याच कामापुरता माझा मान आहे!) व्याकरण निर्दोष होतें. मीं विचारलें, "यांतला राग नेमका कोणावर, आणि कशाचा?"

'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द हल्लीं कचेऱ्यांतून फार ऐकूं येतो. सालोवे व मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं ती कल्पना मांडली. १९९५ सालीं गोलमन यांच्या पुस्तकानें ती लोकप्रिय केली. या गुणावरच यश अवलंबून असतें, हा पुढचा गाजावाजा मात्र अनेक संशोधकांस मान्य नाहीं, मलाही नाहीं. काम न येणारे गोडबोले मीं पुष्कळ पाहिले आहेत. मूळ विचार असा, कीं भावना ओळखावी, विचारास तिचें साह्य घ्यावें, ती कशी पालटते हें जाणावें, आणि मग ती आवरावी. आवरणें शेवटीं आहे! आम्ही शिक्षक मुलांस "राग आवर" एवढेंच सांगत आलों. राग कशाचा, हें विचारलेंच नाहीं.

कौटिल्यानें राजाच्या सहा शत्रूंत मोह व मत्सर न घेतां मान आणि हर्ष घेतले आहेत. आनंदाच्या भरांत शब्द देऊन पस्तावलेल्यास त्याचें मर्म कळेल.

मी मुख्याध्यापक असतांना एका तरुण शिक्षकास भर वर्गांत टाकून बोललों. राग होता सकाळीं वरून आलेल्या एका पत्राचा. तो त्याच्यावर निघाला. वर्ष संपतांच तो नोकरी सोडून गेला. क्षमेचें पत्र मीं आज लिहूं, उद्यां लिहूं म्हणत राहिलों, तें अद्याप लिहिलेलें नाहीं.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, साहेबांचा तितका नाहीं. शेजारच्या मित्राला खरें ठाऊक होतें, आणि तो मान खालीं घालून बसला, त्याचा आहे."

दुसरे दिवशीं तो आधीं त्या मित्राशीं बोलला, नंतर कागद घेऊन वरिष्ठांकडे गेला. त्यांनीं आपली चूक कबूल केली. पण एकांतांत, चारचौघांत नव्हे. राजीनामा त्यानें अजून पुसलेला नाहीं.