बाईंना ‘चार्ज’ नको असतो?

मुख्याध्यापकाचे पद रिकामे होते. सेवाज्येष्ठता यादीत पहिले नाव बाईंचे निघते आणि चार दिवसांत पदोन्नती नाकारल्याचे त्यांचे पत्र कार्यालयात पोहोचते. मग स्टाफरूममध्ये माना डोलतात : बायकांना जबाबदारी नकोच असते! हे खोटे आहे, आणि ते बोलण्यात आपले उर्दू माध्यमवालेही मागे नाहीत.

मुख्याध्यापकाचे काम बी.एड.ला शिकवत नाहीत. युडायसची माहिती कशी भरायची, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब कसा जुळवायचा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव कसा लिहायचा, हे सगळे पंचायत समितीबाहेरच्या चहाच्या टपरीवर शिकवले जाते. जुने गुरुजी नव्या गुरुजीला गाडीवर मागे बसवून तिथे नेतात. ‘चल, साहेबांची ओळख करून देतो.’ दहा वर्षांत तो तयार होतो. त्याच दहा वर्षांत बाईंच्या वाट्याला स्नेहसंमेलन, स्वागतगीत आणि पाहुण्यांच्या चहाची देखरेख येते. वीस वर्षांनी एकदम त्यांच्यापुढे कपाटाच्या किल्ल्या ठेवायच्या, त्या बिचकल्या की म्हणायचे, बघा!

वर नेमणुकीचे गाव. घर वसमतला आणि शाळा सेनगाव तालुक्यातल्या टोकाला असेल, तर नकार कोण देणार नाही? पुरुषही देतात, त्यांच्या नकाराला मात्र ‘घरची अडचण’ म्हणतात.

गंमत पुढे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर असेल तरच मुख्याध्यापकाचे पद मिळते. त्यामुळे लहान उर्दू शाळेत ‘प्रभारी’ नेमावा लागतो : काम सगळे, वेतनश्रेणी नाही. या बिनपगारी चार्जसाठी बाई अगदी लायक ठरतात!

काही जण मजहब पुढे करतात. त्यांनी हजरत खदिजा (र.) यांची सीरत पुन्हा वाचावी. व्यापार त्यांचा स्वतःचा होता आणि पैगंबर (स.) शामला माल घेऊन गेले ते त्यांनी काम सोपवले म्हणून. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. फातिमा शेख यांची तसबीर आपण दर जानेवारीत लावतो. १८५६ मध्ये आजारी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमावर पडणाऱ्या कामाची काळजी आहे. म्हणजे तिथे एका बाईच्या मागे दुसरी बाई काम सांभाळायला उभी होती. आपल्या शाळांत अशी दुसरी बाई कोण तयार करतेय?

निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या गावागावांत आहेत. महिन्यातला एक शनिवार त्यांना शाळेत बोलवा, चहापाण्याला नाही, दप्तर शिकवायला. पाचसहा वर्षे सेवा झालेल्या प्रत्येक बाईकडे दरवर्षी एक वेगळी नोंदवही द्या आणि त्यावर सहीही तिचीच घ्या. बाईंच्या नावाची ऑनलाइन कामे परस्पर उरकणाऱ्या नवरेमंडळींनी हात मागे घ्यावेत. आणि जूनमध्ये चार्ज द्यायचा असेल तर किल्ल्या मार्चमध्येच द्या. जुने रजिस्टर चाळायला उन्हाळ्याची सुट्टी तरी मिळेल.